परातीतला कार्बोरेटर

"स्क्रूची खाच झिजली" हे वाक्य आमच्या घरमालकांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. स्क्रू ड्रायव्हर टेकवला, पिळला आणि तो नुसताच गर्रकन फिरला, स्क्रू जागचा हललाच नाही, की ते हात मागे घ्यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि हलक्या आवाजात म्हणायचे, "रुसला." मग शेजारी तान्हं बाळ झोपलं असावं तसे पाय न वाजवता उठायचे आणि रॉकेलची बाटली आणायला जायचे.

असे रुसलेले स्क्रू त्यांच्या घरात कायम दोन-चार तरी असायचे. त्यातल्या एकाने मात्र असा काही ताठा धरला की मालकीणबाईंच्या भाचीचं कन्यादान त्याच्यापायी अडलं. त्या स्क्रूची आठवण आली की मला अजून हसू येतं, आणि तेव्हा आलेला संतापही जसाच्या तसा आठवतो.

मी मुरबाडला मुलींच्या शिवणवर्गावर शिकवायला गेले तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. माझं घर आटगावला, अगदी स्टेशनाजवळ. मुरबाडला रेल्वे नाही; रोज जा-ये करायची तर निम्मा दिवस एसटीत आणि जीपमध्येच जायचा. म्हणून खोली घेतली. मालक तिथल्याच एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. सगळी आळी त्यांना काका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकी. मीही तेच म्हणू लागले. ती दोघं मात्र मला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणत, मी त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही.

पहिल्या दिवसाचंच सांगते. सामान उतरवलं, शिलाई मशीन ओटीवर ठेवलं आणि काकींनी बोलावलं म्हणून चहा घ्यायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर काका मशीनपुढे उकिडवे बसलेले आणि सुई धरून ठेवणाऱ्या बारीक स्क्रूवर त्यांचा ड्रायव्हर.

"बाई, हा जरा सैल वाटला मला."

"सैल नव्हता काका. आजच बसवलाय."

"हां, मग आता घट्ट झाला," ते म्हणाले. त्यांनी ड्रायव्हर पुन्हा टेकवला, पिळला, तो गर्रकन फिरला. काकांनी चष्मा कपाळावर घेतला. "रुसला," ते म्हणाले.

पुढचे कितीतरी दिवस मी एकाच सुईवर वर्ग चालवला. ती सुई बोथट झाली, टाके सुटायला लागले, पोरी तोंडात पदर धरून हसायला लागल्या. काकींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "सामान भायेर ठेवायचंच नाय गो बाई. भायेर राहिलं का ह्ये उघडतात."

तो स्क्रू काकांनीच काढला, हेही कबूल करायला हवं. त्यांची पद्धत ठरलेली होती. दवाखान्यातून बाद झालेली काचेची एक सिरिंज त्यांच्याकडे होती. तिच्यात रॉकेल भरायचं आणि स्क्रूच्या कडेने थेंब-थेंब सोडायचं. ह्याला ते डोस म्हणायचे. डोस दिल्यावर विश्रांती. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा चौकोनी तुकडा स्क्रूच्या डोक्यावर ठेवायचा, त्यावरून ड्रायव्हर दाबायचा, म्हणजे झिजलेल्या खाचेत रबर शिरतं आणि पकड मिळते. हे करताना तोंडाने बोलणं चालूच.

"ह्याला जोर नाय दावायचा, बाई. जावयासारखा असतोय हा. आधी हातपाय धुवायला पानी द्यायचं, मग चहा, मग इकडचं-तिकडचं बोलायचं. लगेच कामाचं काढलं का बसला रुसून."

आणि मग शेवटची, त्यांच्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. "सोडवायच्या आधी एकदा आवळायचा. केसभर. तुमाला उलटं वाटंल. पण सोड, सोड म्हटलं का तो आणखी धरून बसतो. आवळला का त्याचा आडमुठेपणा मोडतो. मग सुटतो."

जावयाच्या रुसण्याबद्दल ते इतक्या अधिकाराने बोलायचे की ह्या बाबतीत त्यांचा अनुभव दांडगा असणार, असं मला वाटे. तो होताच. फक्त जावयाच्या बाजूने होता, हे मला पुढे कळलं.

स्क्रूचं डोकं छाटणं किंवा त्यात ड्रिल घालणं त्यांना अजिबात मंजूर नव्हतं. नाक्यावरचा मेकॅनिक सर्रास करवत लावायचा, म्हणून काका त्याच्याशी बोलत नसत. रस्त्यात तो समोरून आला तर "मुंडकी उडवणारा" असं पुटपुटून पलीकडच्या बाजूला जात.

बाकीचे कंपाउंडर खिशाला पेन लावतात, काका बारीक स्क्रू ड्रायव्हर लावायचे. थर्मामीटरच्या शेजारीच. तापाने फणफणलेला एखादा पेशंट 'आ' करून बसायचा आणि डोळे उघडून बघायचा तर काकांच्या हातात भलतंच काहीतरी. डॉक्टरांची फिरती खुर्ची त्यांनी एकदा स्वतःहून उघडून पुन्हा जोडली होती. जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला. डॉक्टर त्यानंतर त्या खुर्चीवर फार सांभाळून टेकायचे. काकांना मात्र उरलेल्या स्क्रूची खंत नसे. "कारखानेवाले भ्यायलेले असतात, बाई. जास्तीचे घालून ठेवतात," म्हणायचे. असे जास्तीचे स्क्रू त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत जमवले होते आणि बाटलीवर रीतसर चिठ्ठी डकवली होती: 'उरलेले'.

एका हिवाळ्यात आम्ही तिघं म्हशाच्या जत्रेला गेलो. काकींना उंच पाळण्यात बसायची हौस. पाळणा वर गेला, माथ्यावर पोचला, आणि काकांना समोरच्या दांडीचा एक स्क्रू अर्धा बाहेर आलेला दिसला. खिशातून ड्रायव्हर निघाला. खाली पाळणेवाल्याने मान वर केली तर एक म्हातारा माणूस आभाळात बसून पाळणा खोलतोय! त्याने बोंब ठोकली आणि पाळणा जागच्या जागी थांबवला. काकींनी डोळे मिटून देवाचं नाव सुरू केलं. मी दोन्ही हातांनी दांडी धरली. आणि काका खाली वाकून त्याच्यावरच ओरडले, "आता हालवू नको रे! हात थिर राहतोय!"

खाली उतरल्यावर काकी गुरांचा अख्खा बाजार फिरल्या, पण काकांशी चकार शब्द बोलल्या नाहीत. काका मागून चालत म्हणत होते, "घट्ट बसला पण, गो."

आता गाडीकडे येते. डॉक्टरांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी काकांना देऊन टाकली. सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची. मी गेले तेव्हा ती मागच्या अंगणात जांभळीखाली उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. काका रोज सकाळी स्टिअरिंग पुसायचे. हॉर्न उत्तम वाजायचा. चहा हवा असला की ते गाडीत जाऊन दोनदा हॉर्न वाजवायचे आणि काकी कप घेऊन जांभळीखाली जायच्या. एवढं सोडलं तर गाडी काहीच करत नव्हती, कारण तिचा कार्बोरेटर घरात होता.

कार्बोरेटर म्हणजे इंजिनावरचं ते लहानसं भांडं, ज्यात पेट्रोल आणि हवा मिसळते. त्यात कचरा अडकून पेट्रोल पुढे जाईना, म्हणून काकांनी ते सोडवून घरात आणलं आणि काकींच्या भाकरीच्या परातीत ठेवलं. झाकणाचे सगळे स्क्रू निघाले, एक रुसला. तो निघेपर्यंत परात हलवायची नाही, असा हुकूम. पाऊस येऊन गेला, भात झोडून झालं, काकी ताटलीत पीठ मळून पीठ सांडत राहिल्या, आणि कार्बोरेटर परातीतच. पाहुणे आले की त्यावर फडकं टाकायचे. एका पाहुण्याने वडे असतील म्हणून फडकं उचललं आणि हळूच परत होतं तसं झाकून ठेवलं.

हा स्क्रू रुसला कशाने, हे मला दसऱ्याला कळलं. खंडेनवमीला सगळेच आपापली हत्यारं पुजतात. मी मशीन पुजते, काका ड्रायव्हर-पाने पुजायचे. पण ते एवढ्यावर थांबत नसत. तेलात कुंकू कालवून गाडीच्या एकूण एक स्क्रूच्या खाचेत ते अनामिकेने भरायचे. दरवर्षी, आदल्या वर्षीच्या कुंकवावर नवं कुंकू. खाच अधिकाच्या चिन्हासारखी, त्यात कुंकवाचा थर बसून दगड झालेला. ड्रायव्हरचं टोक तळाला टेकायचंच नाही. वरच्या वर घसरायचं आणि कडा खाऊन टाकायचं.

मी हे काकांना दाखवलं. म्हटलं, "काका, आधी खाचेतलं कुंकू खरवडा. टोक आत बसेल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देव्हारा उकिरड्यावर टाकायला सांगत होते. "पूजेचं कुंकू लोखंडानं खरवडायचं? घरात सवाष्ण असताना?"

विषय संपला. मी त्यावर वाद घातला नाही. काकींच्या कपाळाकडे बघितलं आणि मलाच कसंतरी झालं.

आता काकींच्या माहेराचं. माहेर शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला. काकी वर्षातून चार वेळा तरी तिकडे जायच्या, पण एकट्या. काका कधीच नाही. मी कारण विचारलं तेव्हा काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"माझ्या भावाच्या लग्नात झालं त्ये. मांडवात पयला फेटा जावयाला बांधायची आमची रीत. ह्ये एकुलते जावई. साधा पांढरा शर्ट घालून हुभे. आन् बँडवाला बाजूलाच, लाल कोट, सोन्याची बटनं. चुलत्याला डोळ्यानं कमी दिसायचं. त्यानं पयला फेटा बँडवाल्याला बांधला."

मी हसू दाबायचा प्रयत्न केला. जमला नाही.

"हसा. समदं गाव हसलं. बँडवाल्याला वाटलं आपलाच मान. त्यो जास्ती फुगून वाजवाया लागला. ह्यांनी दुसरा फेटा बांधून घेतला, तसाच उतरवला, घडी घातली, भावाच्या हातात दिली आन् जेवल्याबिगर जीपनं घरी. तवापासनं गेले नायत."

भावाची बायको पुढे लवकर वारली. मुलगी लहान होती. काकी महिना महिना जाऊन तिला सांभाळायच्या, काका इकडे स्वतःच्या हाताने भात शिजवून खायचे. तेही आनंदाने, मुलीसाठी खाऊ पाठवून. पण पाऊल टाकायचं नाही म्हणजे नाही.

आणि त्या मुलीचं लग्न ठरलं. मे महिना, गोरज मुहूर्त. बायको नसलेल्या बापाने एकट्याने कन्यादानाला बसायचं नाही, जोडपं लागतं, अशी त्यांच्यात रीत. मुलीने स्वतः सांगितलं, आत्या आणि मामाच बसतील. आत्याच्या नवऱ्याला तिकडे मामाच म्हणतात. भाऊ पत्रिका घेऊन आला, काकांच्या पाया पडला, म्हणाला, "दाजी, मागचं पोटात घाला. पोरीला आई नाय. तुमी दोघं पाटावर बसा."

काका विरघळले, मला दिसलं ते. डोळे पुसले त्यांनी. आणि मग छाती काढून म्हणाले, "येऊ की. आमच्या गाडीनंच येऊ."

भाऊ खूश होऊन गेला. दाराआड उभ्या काकींनी कपाळाला हात लावला. त्यांच्या पाठीमागे परातीत आमची गाडी पडली होती.

पुढचे सगळे दिवस काकींनी विनवण्यांत घालवले. जीपनं जाऊ चला ना. एसटीनं जाऊ चला ना. काका सिरिंज भरत म्हणायचे, "जीपनं जाऊन कन्यादान? मान काय राहिला? आज डोस दिलाय. उद्या नरमंल." मी नाक्यावरच्या मेकॅनिकला गुपचूप बोलावलं, काकांनी त्याला करवतीसकट फाटकातून परत पाठवलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला एक संशय यायला लागला. रबराचा तुकडा न ठेवताच ते ड्रायव्हर फिरवायचे. डोस दिला की विश्रांती सकाळची संध्याकाळवर जायची. मी काकींना म्हटलं, "काकी, त्यांना तो स्क्रू निघायलाच नकोय."

"मला ठावं हाय," काकी म्हणाल्या. "गाडीचं निमित्त हाय गो. मन होतंय, पाय उचलत नाय."

त्या दिवशी मला काकांचा खरोखर राग आला. पोरीने आई म्हणून जिला पाटावर बसवायचं ठरवलं, तिचा तो मान एका फेट्याच्या घडीखाली दाबून ठेवणारा माणूस कितीही गमतीदार असला तरी मला आवडेना.

लग्नाची सकाळ उजाडली. काकी हिरवं लुगडं नेसल्या, अंबाडा घातला, आहेराचं गाठोडं बांधलं. मलाही आग्रहाचं बोलावणं होतं, मी तयार. काका पांढरा शर्ट घालून परातीसमोर बसलेले, हातात सिरिंज.

"आवो, जीप सुटंल," मी ऐकत असलेली रोजची विनवणी काकींनी सुरू केली.

"थांब गो. आताच डोस दिलाय. तासाभरात..."

काकींनी गाठोड्याची गाठ सोडली, पुन्हा घट्ट मारली. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "नका येऊ."

"आँ?"

"नका येऊ, म्हटलं. बसा तुमच्या परातीपाशी. कन्यादानाला जोडपं लागतं, मिळंल की. बँड तोच सांगितलाय भावानं. बँडवाल्याला म्हणते, बायकोला घे आन् पाटावर बस. फेटा तर हाय त्याच्याकडं."

काकी गाठोडं उचलून दाराकडे निघाल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण चप्पल घालायला त्यांना नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागत होता.

काकांच्या हातातून सिरिंज परातीत पडली. ते दाराकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मशीनची जाड सुई हाय तुमच्याकडं?"

मी धावत जाऊन आणली. काकांनी आधी स्क्रूच्या डोक्यावर बोट टेकवलं, ते कपाळाला लावलं आणि सुई कुंकवात घातली. वर्षानुवर्षांचं ते कुंकू वाळलेल्या रक्तासारखं काळंलाल, पापुद्र्या-पापुद्र्याने सुटायला लागलं. एक कणही त्यांनी खाली पडू दिला नाही. सगळं कागदावर गोळा केलं आणि "तुळशीत घाला, बाई," म्हणून माझ्या हातात दिलं. काकी उंबऱ्यात थांबून बघत होत्या.

कुंकवाखाली खाच कोरी होती! वरच्या कडा झिजल्या होत्या, पण तळाशी ड्रायव्हर कधी पोचलाच नव्हता. तिथे ती कारखान्यातून आली तशीच चकचकीत राहिली होती. काकांनी ड्रायव्हर आत बसवला, वरून बत्त्याने दोन टोले दिले, मग "आधी आवळायचा, केसभर," असं सवयीने पुटपुटत मनगट उजवीकडे दाबलं.

आणि तिथेच थांबले. हळूच मान वर करून त्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं.

"आगं," ते म्हणाले, "तू मला आवळलंस."

"स्क्रू बघा," काकी म्हणाल्या.

कट्ट असा आवाज झाला आणि स्क्रू फिरला. झाकण उघडलं तेव्हा आत, पेट्रोल येतं त्या बारीक भोकाच्या तोंडाशी, भाताचं एक तूस अडकलेलं निघालं. एवढ्या तुसाने ती गाडी इतका काळ जांभळीखाली बसवली होती. काकांनी तो स्क्रू परत लावला नाही. 'उरलेले'च्या बाटलीतून त्याच मापाचा दुसरा काढून बसवला आणि हा शर्टाच्या खिशात टाकला. ऊन चढेपर्यंत कार्बोरेटर इंजिनावर होता. कॅनमधलं पेट्रोल टाकीत गेलं. अख्ख्या आळीने गाडी ढकलली. ती खोकली, शिंकली, फुरफुरली आणि सुरू झाली. काकींनी पहिल्यांदा आत जाऊन परात घासून उपडी घातली, मगच गाडीत बसल्या.

सरळगावाच्या रस्त्याला काकांनी गाडी अशी जपून चालवली की एक सायकलवाला आमच्या बाजूने जाता जाता "धक्का देऊ का?" असं विचारून पुढे निघून गेला. मागच्या काचेपाशी अंड्यावर बसलेली कोंबडी कुणालाच दिसली नव्हती. ती वाटेत ओरडली तेव्हा काकांना वाटलं इंजिन बोललं, आणि ते खाली उतरून बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत होते.

मांडवाशी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. काका कोपरापर्यंत काळे, शर्टाचं पोतेरं झालेलं, अंगाला पेट्रोलचा वास. समोरून नवरदेवाकडचा एक अनोळखी मुलगा आला आणि हात हलवत म्हणाला, "ड्रायव्हर, गाडी तिकडं कडंला लावा. तुमची पंगत मागल्या बाजूला हाय."

काकींनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. इतकं करून इथवर आणलेला माणूस आता गाडी वळवणार, हे मला लख्ख दिसत होतं. काकांनी त्या मुलाकडे पाहिलं. आपल्या हातांकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले आणि गाडी कडेला लावून खरोखरच ड्रायव्हरांच्या पंगतीकडे निघून गेले.

काकींना कळेना हे खरं की रुसण्याचा नवा प्रकार. त्यांनी मला मागे पाठवलं. जाऊन बघते तर पाच-सहा जीपवाले घोळक्याने उभे, मधोमध काका, आणि त्यांच्या काळ्या तळहातावर तो स्क्रू.

"डोकं छाटायचं नाय. आधी खाच साफ करायची. मग आवळायचा. मी किती वर्षं लोकांना सांगतोय आन् आज मलाच समजलं."

इतक्यात भाऊ धापा टाकत आला. हातात फेट्याचं कापड, मागे तो मुलगा रडकुंडीला आलेला. "दाजी, चूक झाली! पोरगं परक्या गावचं हाय, वळखलं नाय तुमाला. पयला फेटा तुमचा, अजून कुनाला बांधला नाय, शपथ घेतो!"

बँड थांबला. मांडवातलं एकूण एक माणूस आमच्याकडे बघत होतं. घोळक्याच्या पलीकडे तोच बँडवाला उभा होता. लाल कोट फिका पडलेला, डोक्याचे केस पांढरे झालेले, बहुतेक त्याच्याही ध्यानात सगळं असावं, कारण तो जमिनीकडे बघत होता.

काकांनी स्क्रू खिशात टाकला.

"आधी त्याला बांध," ते म्हणाले. "माझा दुसरा. तेवढा नंबर पाठ हाय मला."

हसण्याचा असा लोट उठला की मुहूर्ताची मंगलाष्टकं ऐकू येतील की नाही अशी शंका यावी. बँडवाल्याने दोन्ही हात जोडले. फेटा बांधून घेताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. काकी हसत होत्या की रडत होत्या, मला आजही सांगता येणार नाही. मी स्वतः मात्र दोन्ही करत होते.

कन्यादानाला बसताना भटजी म्हणाले, यजमान, हात धुवा. काका म्हणाले, "ह्ये पान्यानं नाय निघत. रॉकेल लागतं." रॉकेल आणायला वेळ नव्हता. मग तसाच तो काळा हात पुढे झाला, त्यावर काकींचा, त्यावर मुलीचा मेंदी काढलेला. पाणी सोडलं तेव्हा नवरदेवाच्या ओंजळीत थोडं काळं ग्रीसही उतरलं. मुलगी वाकून काकांना म्हणाली, "मामा, लई उशीर केलात." काकांनी मान हलवली.

परत निघालो तेव्हा चांगलं चांदणं पडलं होतं. मागे मी, कोंबडी आणि जिलब्यांचा करंडा. पुढे काका फेटा न काढताच गाडी चालवत होते, आणि शेजारी काकी. कपाळावरून घाम ओघळून काकांच्या चष्म्यावर येत होता.

"काढा आता त्यो फेटा," काकी म्हणाल्या. "दिसंना तुमाला."

"नाय निघत," काका म्हणाले.

काकींनी हात लांब करून तो जरा हलवून पाहिला. "रुसला का काय?"

"नाय गो," काका समोर बघतच म्हणाले. "नीट बसलाय."